आधी बिलबुक, मग ध्येय

लहान उद्योजकांच्या कार्यशाळा हल्ली हॉटेलांच्या हॉलमध्ये भरतात. वर्कशॉपवाला, केटरिंग करणाऱ्या ताई, मोबाइलची कव्हरं विकणारा पोरगा, सगळे गळ्यात बॅज अडकवून बसतात आणि पडद्यावर चार वर्तुळं येतात. तुम्हाला काय आवडतं, काय जमतं, जगाला काय हवंय, पैसे कशाचे मिळतात. चारही जिथे एकमेकांना छेदतात ते तुमचं ‘इकिगाई’, आणि ते सापडेपर्यंत म्हणे धंद्याला दिशा नाही. जपानी शहाणपण समजून आपण ते वहीत उतरवून घेतो. प्रत्यक्षात ही वर्तुळं आंद्रेस सुसुनागा नावाच्या स्पॅनिश ज्योतिषाची. २०१४ साली मार्क विन नावाच्या ब्रिटिश गृहस्थाने त्यांच्या मधोमध जपानी शब्द नेऊन बसवला. पत्रिका दाखवून दुकानाचा मुहूर्त काढणाऱ्या आजोबांना आपण हसलो, आणि फी भरून पुन्हा ज्योतिषाच्याच ओसरीवर जाऊन बसलो.

चेष्टा पुरे. ‘आधी ध्येय’ म्हणणाऱ्या पक्षाचं म्हणणं सरळपणे मांडायला हवं. ते असं: ध्येय नसलेला मालक मिळेल ते काम घेतो, शेजाऱ्यापेक्षा रेट पाडतो, दिवसाचे चौदा तास राबतो आणि पन्नाशीला दमून म्हणतो, मुलाने यात पडू नये. म्हणून आधी आपण हे का करतो ते ठरवा, मग काय आणि कसं. सायमन सिनेक यांच्या २००९ च्या पुस्तकापासून हा क्रम सगळीकडे घोकला जातो. रोगाचं वर्णन खरं आहे. असे मालक मीही पुष्कळ पाहतो. पण औषध चुकीचं आहे, कारण क्रमच उलटा लावलेला आहे.

याच व्यासपीठांवरून लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण हमखास दिलं जातं, म्हणून तेच घेऊ. त्यांना आवड होती चित्रकलेची. त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि तिथे कळलं की आपल्याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. रंग सुटले, यांत्रिक ड्रॉइंग उरलं. ते शिकवायची नोकरी व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये मिळाली, बढती डावलली गेल्यावर तीही सोडली. मग बेळगावात भावाबरोबर सायकलींचा धंदा, कडबा कापायची यंत्रं, आणि १९०३ साली लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे शेतकरी त्याला हात लावीनात आणि पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. औंधच्या संस्थानिकांनी आपल्या मुलखातलं माळरान दिलं आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. या प्रवासात ‘आधी ध्येय’ कोणत्या थांब्यावर चढलं ते कोणीतरी दाखवून द्यावं. सायकली विकतानाच नांगराची स्वप्नं पडत होती असं चरित्रात मागाहून लिहिता येतं. त्या दिवशी मात्र दुकानात फक्त सायकली असतात.

आता आजचा माणूस घेऊ. भोसरीच्या एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात दोन सीएनसी चालवणारा जॉबवर्कवाला. कच्चा माल पार्टीचा, ड्रॉइंग पार्टीचं, रेटही पार्टीचाच. पार्ट रिजेक्ट झाला तर डेबिट नोट याच्या नावावर. बिल फाडलं की जीएसटीचं देणं लागू होतं, आणि ते भरायची तारीख पार्टीच्या चेकसाठी थांबत नाही. २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो की लेखी करार असला तरी लहान पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांच्या आत मिळाले पाहिजेत, उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. २०१७ मध्ये तक्रारीसाठी ‘समाधान’ पोर्टलही सुरू झालं. हा माणूस तक्रार करत नाही. ज्याच्याविरुद्ध करायची, त्याच्याच कामावर याची मशीनं फिरतात. त्याला ‘तुमचा आतला आवाज काय म्हणतो’ असं विचारणं म्हणजे तुंबलेल्या पैशाचा दोष त्याच्या मनावर ढकलणं. या शिकवणीवर माझा खरा राग आहे तो इथे. पैसे वेळेवर न देणारा हॉलमध्ये नसतोच. हजर असतो तो ज्याचे पैसे अडकलेत, आणि आत्मपरीक्षणही त्यानेच करायचं.

याच्या नेमकं उलट बोलणारेही आहेत, आणि ते जास्त अनुभवी असल्यामुळे जास्त घातक आहेत. बाजारपेठेत चाळीस वर्षं काढलेले काका म्हणतात, धंदा पोटासाठी करायचा, ध्येयबिय मोठ्यांचे चोचले. ऐकायला खमंग लागतं. पण १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ती पोटासाठीच. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद राहिलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली. पोटासाठी धंदा करणाऱ्याने करावं तसंच हे शहाणपण, इथवर काकांचं बरोबर. पुढे मात्र त्यांचा हिशेब चुकतो. पापड दोन प्रतींचे काढावेत, हलका स्वस्तात विकावा, असा विचार त्या बायकांच्या मनात होता. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पांनी सांगितलं की प्रत एकच ठेवा आणि हिशेब चोख ठेवा. त्यांनी ते मानलं. नुसत्या पोटाच्या हिशेबाने पाहिलं तर हलका पापड नाकारायला काही कारणच नव्हतं, गिऱ्हाईक समोर होतं. त्यांच्या पापडाची, म्हणजे आजच्या लिज्जतची, दिशा ठरली ती त्या न लाटलेल्या पापडात.

माझा पक्ष एवढाच आहे. लहान धंद्याचं ध्येय धंदा चालवता चालवता, नकार देता देता तयार होतं, आणि त्याचा माग बिलबुकात लागतो. मागल्या दोन वर्षांची बिलं घेऊन बसावं. कोणत्या पार्टीचे पैसे किती दिवसांनी आले, कोणत्या कामात रिजेक्शन जवळजवळ नव्हतं, कोणत्या कामासाठी माणूस जवळचे चार गाळे सोडून आपल्याकडे आला. भोसरीच्या त्या जॉबवर्कवाल्याला कदाचित दिसेल की मोठ्या पार्टीच्या हजार पार्टांतून जे सुटतं, त्याहून जास्त आसपासच्या कारखान्यांच्या बंद पडलेल्या मशीनचे एकेक शाफ्ट आणि बुश काढून सुटतं. ते काम घेऊन येणारा रात्री साडेदहाला शटर वाजवतो, घासाघीस करत नाही, कारण त्याची लाइन उभी असते. आजवर हे फुटकळ म्हणून नव्या पोराच्या अंगावर टाकलेलं. धंदा कदाचित तिथेच असेल. आवडीचं म्हणाल तर तीही बहुतेकांना अशीच लागते, हात बसलेल्या कामाची.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे: नकार द्यायला ऐपत लागते. मशीनचा हप्ता डोक्यावर, ऐंशी टक्के काम एकाच पार्टीचं, अशा माणसाने कोणाला नाही म्हणायचं? कोणालाच नाही, निदान आज नाही. त्याच्यापुरती दिशा सध्या दोन शब्दांची: दुसरी पार्टी. आठवड्यातली एक दुपार मशीन ऑपरेटरवर सोपवून, चांगले निघालेले चार पार्ट पिशवीत टाकून, चाकण-तळेगावच्या बाजूने गाळे पालथे घालायचे. बहुतेक ठिकाणी गेटवरूनच परत पाठवतील. व्हिजिटिंग कार्डाच्या मागे छापण्यासारखं त्यात काहीही नाही. पण महिना-दोन महिन्यांनी एखादी छोटी ऑर्डर लागली की पहिल्या पार्टीला रेट वाढवून मागणारं पत्र टाइप करायला घेता येतं. पार्टी नाही म्हणाली, तर मशीनवर चढवायला दुसरं ड्रॉइंग टेबलावर असतं.