अस्थिर डोळे व स्पर्शाचा आधार

कांहीं मुलांचे डोळे जन्मानंतर थोड्याच महिन्यांत झोपाळ्यासारखे सारखे इकडून तिकडे हलूं लागतात. घरांतील वडीलधारी मंडळी दृष्ट काढतात. पुढें मूल शाळेंत जाऊं लागलें म्हणजे ‘नीट समोर पाहा’ म्हणून त्यास दटावतात. वास्तविक ही हालचाल मुलाच्या इच्छेनें होत नाहीं व त्यास ती थांबवितांही येत नाहीं. डॉक्टर हिला निस्टॅग्मस म्हणतात. आपण नेत्रदोलन म्हणूं.

पाहण्याची धडपड व मनाचा ताण वाढला कीं हें दोलन बहुधा वाढतें. उलट, मान विशिष्ट बाजूस वळविली असतां पुष्कळ मुलांचे डोळे बरेच स्थिरावतात. म्हणून तें मूल मान तिरकी करून वाचतें. ती खोड नव्हे; ती बळेंच मोडूं नये.

डोळ्यावर बसविण्याच्या मऊ भिंगांनीं, म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्सनीं, कित्येकांचें दोलन मंदावतें. अमेरिकेंतील लुई डेलओसो व त्यांचे सहकारी यांनीं १९८८ सालीं याचें कारण तपासलें. हा गुण भिंगाच्या वजनाचा नसून स्पर्शाचा असावा, असें त्यांस दिसून आलें. डोळा औषधानें बधिर केल्यास हा गुण नाहींसा होतो. डोळ्याची व कपाळाची स्पर्शसंवेदना मेंदूकडे नेणारा मज्जातंतु एकच आहे. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कपाळावर किंवा मानेवर सूक्ष्म कंपन दिलें असतां कांहीं रुग्णांची नजर लक्ष्यावर अधिक वेळ ठरली.

मात्र यानें दोष समूळ जात नाहीं; गुणही सर्वांस सारखा येत नाहीं. म्हणून घरीं मुलाचे डोळे दाबणें किंवा चोळणें सर्वथा वर्ज्य समजावें. भिंगें नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्यानेंच वापरावींत. अस्वच्छ भिंगांनीं डोळ्यास जंतुसंसर्ग होतो. तत्पूर्वीं मोतीबिंदू किंवा नेत्रपटलाचा विकार नाहीं ना, याची तपासणी अवश्य व्हावी. प्रौढ माणसाचे डोळे एकाएकीं असे हलूं लागल्यास तर त्याच दिवशीं डॉक्टरांस गांठावें. तें मेंदूच्या विकाराचें लक्षण असूं शकतें.

असें मूल ज्यांच्या घरीं असेल, त्यांस आमची एवढीच विनंती कीं, त्यास मंद समजूं नये. वर्गांत पुढची व त्याच्या मानेस सोयीची जागा मागून घ्यावी, आणि वाचावयास वेळ द्यावा. दटावणें थांबलें कीं ताण कमी होतो, व ताण कमी झाला कीं डोळेही थोडे निवांत होतात.