आरसी बुकातला हिरवा

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षं भरली आणि ती रस्त्यावरून उतरली. पेपरात फोटो आले, चॅनलवाल्यांनी मागे सॅड म्युझिक लावलं, आणि धुळ्यात आमच्या पप्पांना एकदम आठवलं की अरे, आपल्या शेतातल्या शेडमध्ये पण एक पद्मिनी उभी आहे! मी तेव्हा फर्स्ट इयरला होतो, दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेलो. मेकॅनिकलला अॅडमिशन घेतल्यापासून घरच्यांचा समज झालाय की मिक्सरपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं मला येतं. त्यामुळे शेड उघडायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

कापसाच्या रिकाम्या गोण्या बाजूला केल्या तेव्हा खाली गाडी सापडली. मरून रंगाची. बॅटरी मेलेली, चारही टायर बसलेले. ते सगळं मिस्त्रीने महिनाभरात लायनीवर आणलं, त्याची कथा इथे सांगत नाही (खरं सांगायचं तर मी फक्त पान्हे उचलून देत होतो). अडलं ते पुढेच. पुनर्नोंदणीसाठी गाडी दाखवायला नेली. तपासणाऱ्या साहेबांनी एकदा आरसी बुकाकडे पाहिलं, एकदा गाडीकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "यात लाइट ग्रीन लिहिलंय. ही कोणती आणली?"

झालं होतं असं की १९९६ साली काकांच्या लग्नात वरातीसाठी गाडी "जरा चांगली दिसावी" म्हणून मरून मारली होती. रंग बदलला तर आरटीओला कळवून आरसीत तशी नोंद करून घ्यावी लागते, हे लग्नाच्या गडबडीत कोणाच्या डोक्यात येणार?

पप्पांचं म्हणणं सोपं होतं. अर्ज करू, मरून लिहून घेऊ, विषय संपला. माझं म्हणणं त्याच्या उलट : आरसी बुक बरोबर आहे, गाडी चुकलेली आहे. दुरुस्ती गाडीत व्हायला पाहिजे, कागदात नको. या एका वाक्यावरून आमच्या घरात आजतागायत वाद चालू आहे, आणि तोच वाद मी आता मॅगझिनच्या पानावर आणतोय. जुनी गाडी नवी करताना तिचा फॅक्टरीतून आलेला रंगच तिला परत दिला पाहिजे, मग तो कितीही फिका, जुनाट, 'आउटडेटेड' असो, असं माझं ठाम मत आहे.

आता कोणी म्हणेल, त्या रंगात एवढं काय आहे? तर ऐका.

आमच्या आबांची कापसाची आडत होती. १९७८ साली त्यांचा नंबर लागला. त्या काळात फियाट काय किंवा चेतक स्कूटर काय, पैसे भरून वर्षानुवर्षे थांबावं लागायचं आणि नंबर आला की जी मिळेल ती मुकाट्याने घ्यायची. डीलरने सांगितलं, पांढरी तयार आहे, उद्या घेऊन जा. हिरवी पाहिजे तर पुढच्या लॉटपर्यंत थांबा, तेव्हाही येईलच असं नाही. आबा थांबले. आजी सांगते, घरातले सगळे त्यांच्यावर चिडले होते. एवढी वर्षं वाट बघून हातात आलेली गाडी कोणी सोडतं का? पण आबांना कपाशीच्या कोवळ्या पानासारखा रंग पाहिजे होता. पाच महिन्यांनी तो आला. बिचाऱ्यांनी आयुष्यात कंपनीकडे केलेली ती एकमेव 'स्पेशल ऑर्डर'.

खरी स्पेशल ऑर्डर करणारे लोक वेगळेच. आमच्या धुळ्यावरून जो आग्रा रोड जातो तो शिरपूर, सेंधवा करत इंदूरला पोचतो. त्या इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी (दुसरे) १९३५ च्या सुमारास अमेरिकेची ड्युसेनबर्ग एसजे मागवली. चेसिस अमेरिकेचं, इंजिन सुपरचार्जर लावलेलं आठ सिलिंडरचं, जवळजवळ सात लिटरचं, कंपनीचा दावा ३२० हॉर्सपॉवरचा. बॉडी मात्र लंडनला गर्नी नटिंग या कंपनीत बांधून घेतली आणि रंग दिला नारिंगी आणि काळा. तिकडे राजकोटच्या ठाकोरसाहेबांची १९३४ ची रोल्स-रॉइस फँटम टू, 'स्टार ऑफ इंडिया' म्हणतात ती, केशरी. ती जगभर फिरून पुन्हा राजकोटला आली, पण केशरीच राहिली. विचार करा, होळकरांची ड्युसेनबर्ग उद्या कोणी सिल्व्हर मेटॅलिक मारली तर? इंजिन तेच, बॉडी तीच, पण गाडी गेली म्हणून समजा. आजसुद्धा पोर्शे कंपनी 'पेंट टू सॅम्पल' नावाने गिऱ्हाइकाने सांगितलेला, कॅटलॉगबाहेरचा रंग देते. अशा रंगाची जुनी गाडी त्याच मूळ रंगात असेल तर शौकीन लोक जास्त पैसे मोजतात.

म्हणजे रंग ही वरवरची गोष्ट नाही, ती मालकाने उच्चारलेली एक इच्छा आहे. महाराजांची इच्छा म्युझियममध्ये जपायची आणि आडत्याची इच्छा मरून रंगाखाली गाडायची, हा कुठला न्याय?

बरं, मूळ रंग शोधायचा कसा? इथे आपल्या इंजिनिअरिंगचा थोडा उपयोग होतो. आरसीत फक्त 'लाइट ग्रीन' एवढे दोन शब्द. जगात लाइट ग्रीन हजार असतील. पण रीपेंट करणारा पेंटर शक्यतो आळस करतोच, आणि तोच आळस पुढे पुरावा होतो. डॅशबोर्डच्या मागचा पत्रा, दाराच्या बिजागरीखाली, बीडिंगच्या रबराखाली, डिकीच्या मॅटखाली, ग्लोव्ह बॉक्सच्या आतली बाजू, एवढ्या जागा बघायच्या. आमच्या गाडीत डॅशबोर्डच्या मागे तळहाताएवढा तुकडा सापडला. ऊन लागलेलं नव्हतं, त्यामुळे जसाच्या तसा. टॉर्च मारली तेव्हा मिस्त्रीसुद्धा दोन मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, "भाऊ, हाऊ रंग आते भेटस नही."

दुसरी पद्धत म्हणजे एका कोपऱ्यात बारीक पाणी पेपर घेऊन गोल गोल घासत जायचं. झाडाच्या खोडात असतात तशा रिंगा दिसायला लागतात. आमच्याकडे वरून मरून, मग राखाडी सरफेसर, मग लांबी, मग हिरवा, मग लाल प्रायमर आणि शेवटी पत्रा. मी तर म्हणतो, मेटलर्जीच्या प्रॅक्टिकलला हे ठेवा, पोरं झोपणार नाहीत. फक्त एक सूचना आहे. जुन्या हिरव्या-पिवळ्या रंगांत लेड क्रोमेट असायचं, म्हणजे शिसं. कोरडं घासायचं नाही, पाणी वापरायचं आणि तोंडाला मास्क लावायचा. मी पहिल्या दिवशी रुमाल बांधून हिरोगिरी केली, तुम्ही करू नका.

मिस्त्रीचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. फॅक्टरीत तेव्हा एनॅमल मारून भट्टीत भाजायचे. बाहेरच्या गॅरेजमध्ये नायट्रोसेल्युलोज मारायचे, ज्याला आपले सगळे पेंटर अजूनही 'ड्युको'च म्हणतात. (ड्युको हे ड्युपाँट कंपनीच्या पेंटचं नाव. त्याच्या आधी रंग वाळायलाच दिवसच्या दिवस लागायचे. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ फक्त काळ्याच रंगात मिळायची आणि १९२४ च्या ओकलंड गाड्या ड्युकोच्या निळ्या रंगात आल्या तेव्हा लोक बघत राहिले.) आज दुकानात मिळतं ते टू-पॅक पीयू आणि वरून क्लिअर कोट. चकाचक दिसतं, पण १९७८ च्या पत्र्यावर ते ओलं प्लास्टिक चिकटवल्यासारखं वाटतं.

तरी आम्ही ग्लोव्ह बॉक्सचं झाकण घेऊन जळगावला रंगाच्या दुकानात गेलो. काम्प्युटरवर टिंटिंग करून देतात. मशीन झाकणावर टेकवलं, फॉर्म्युला निघाला, डबा हलवून हातात दिला. दुकानात ट्यूबलाइटखाली दोन्ही रंग हुबेहूब एक! मी खूश. बाहेर रस्त्यावर आलो, जळगावचं ते ऊन तुम्हाला माहीतच आहे, आणि बघतो तर एक रंग कपाशीचं पान आणि दुसरा हॉस्पिटलची भिंत. याला मेटामेरिझम म्हणतात. जुनं आणि नवं पिगमेंट वेगळं असलं तर दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्या उजेडात नाही. दुकानदाराची यात काही चूक नाही, त्याने मशीन म्हणेल ते दिलं. तेव्हापासून मी प्रत्येक नमुना तीन वेळा बघतो : सकाळी, भर दुपारी आणि रात्री बल्बखाली. आतापर्यंत नऊ नमुने झालेत. रूममेटने माझ्या कपाटावर 'एशियन' असं लिहून ठेवलंय.

आता विरोधी पक्ष. रूममेटचं म्हणणं, "गाडी तुझी आहे, पाहिजे तो रंग मार, कोण विचारतंय?" हल्ली तर फॅशनच आहे. घरची चांगली पद्मिनी घ्यायची, काळी-पिवळी मारायची आणि प्रीवेडिंग शूटला भाड्याने द्यायची. मला हे अजिबात पटत नाही. काळा-पिवळा हा मुंबईच्या टॅक्सीवाल्याचा रंग. त्याने तो कष्टाने चालवलाय. जी गाडी एक दिवस टॅक्सी नव्हती तिला टॅक्सीचा ड्रेस घालून उभी करायची म्हणजे गॅदरिंगमधलं फॅन्सी ड्रेस झालं. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट डिलाइट म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणून जेवढ्या गाड्या बाहेर पडल्या, त्यातल्या कितीतरी डॉक्टरांच्या, वकिलांच्या, आडत्यांच्या होत्या. सगळ्याच काळ्या-पिवळ्या केल्या तर पुढच्या पोरांना वाटेल की या देशात पद्मिनी फक्त टॅक्सीच होती.

पप्पांचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. ते म्हणतात, "कापसाला भाव नाही आणि तू रंगाचे डबे आणतोस." पेंटरने पत्रा काम धरून पंचावन्न हजार सांगितलेत. त्यात माझ्या दोन सेमिस्टरचं हॉस्टेल आणि मेस निघते. एक एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या कारची पुनर्नोंदणी फीसुद्धा सहाशेवरून पाच हजार झाली. म्हणजे शौक परवडणारा नाही, हे मान्य. माझ्याकडे उत्तर एकच आहे. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपात ठेवलेली गाडी असेल तर वेगळी नोंदणी मिळते, 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी वीस हजार. मात्र रोजच्या वापराला ती चालवता येत नाही. आमच्या गाडीची पन्नास वर्षं २०२८ ला भरतात. त्या नियमात चेसिस, बॉडी शेल आणि इंजिनातल्या बदलांचा उल्लेख आहे, रंगाचा नाही. पण 'मूळ स्वरूप' म्हणायचं आणि रंग मात्र लग्नाच्या वरातीतला ठेवायचा, हे निदान मला तरी जमणार नाही.

एक गोष्ट मात्र मी स्वतःविरुद्ध सांगतो. तुमच्या घरी मूळ रंगातली गाडी असेल, फिकी पडली असेल, दोनचार ठिकाणी पोपडे निघाले असतील, तर रंगवूच नका. कंपाउंड मारा, पॉलिश करा, गंज थांबवा आणि सोडून द्या. रीपेंट कितीही बरोबर झालं तरी ते दुसऱ्याच्या नोट्स काढल्यासारखंच. आमच्याकडे काकांनी १९९६ ला ओरिजिनल फाडूनच टाकलं, म्हणून ही वेळ आली. (काका हा लेख वाचतील. काका, राग मानू नका, वरात मस्त झाली होती.)

आजीला कोणी विचारलं नव्हतं. मागच्या महिन्यात घरी गेलो तेव्हा नववा नमुना तिच्या हातात दिला आणि अंगणात उन्हात उभं केलं. तिने बराच वेळ पाहिला. म्हणाली, "थोडा पिवळा कमी पडतोय." मशीनने जे पकडलं नाही ते ऐंशी वर्षांच्या बाईने चष्मा न लावता सांगितलं. पप्पा ओट्यावर बसले होते. काही बोलले नाहीत, पण आरसीचा अर्ज त्यांनी अजून भरलेला नाही.

गाडीचं सध्याचं स्टेटस असं : डावं दार घासून पत्र्यापर्यंत आलंय, बाकी मरून. दहावा नमुना पिवळा वाढवून घ्यायचाय. तुमच्यापैकी कोणाच्या घरी, गावाकडे, मामाच्या गोठ्यात सत्तरच्या दशकातल्या फिक्या हिरव्या पद्मिनीचं एखादं झाकण, दार, काहीही पडलेलं असेल तर कृपया सांगा. विकत नको, फक्त दोन दिवस बघायला पाहिजे. वर्कशॉपमध्ये कोणालाही विचारा, हिरवा डबा घेऊन उन्हात उभा असणारा मुलगा कोण ते लगेच सांगतील.