शहराचे नाव, मालकाचा संघ

२१ मे २०१७ रोजी हैदराबाद येथे झालेल्या इंडियन प्रीमियर लीगच्या अंतिम सामन्यात रायझिंग पुणे सुपरजायंट संघाला मुंबई इंडियन्सकडून अवघ्या एका धावेने पराभव पत्करावा लागला. विजयासाठी १३० धावांचे माफक आव्हान असताना पुण्याचा डाव १२८ धावांवर थांबला. अशा पराभवानंतर कोणत्याही संघाचे पाठीराखे पुढच्या हंगामाकडे डोळे लावतात. पुणेकरांना मात्र तेवढाही दिलासा नव्हता. दोन वर्षांच्या मुदतीसाठी स्थापन झालेला हा संघ त्या सामन्याबरोबरच संपुष्टात आला. त्याचे काही खेळाडू आपल्या जुन्या संघांकडे परतले, तर उरलेले जानेवारी २०१८ मधील लिलावातून विखुरले गेले.

भारतातील व्यावसायिक लीग स्पर्धांच्या जवळपास दोन दशकांच्या वाटचालीत सर्वांत कमी चर्चिला गेलेला प्रश्न या घटनेत दडलेला आहे. संघाची मालकी एकाकडे असते, खेळाडूची गुणवत्ता दुसरीकडेच घडलेली असते आणि प्रेम तिसराच कोणी करीत असतो. हा तिसरा घटक म्हणजे सामान्य क्रीडारसिक. संघाला त्याच्या शहराचे नाव दिले जाते, परंतु संघाच्या भवितव्याविषयी त्याला विचारले जात नाही.

बोली आणि बाजी

इंडियन प्रीमियर लीगच्या आठ संघांची विक्री २४ जानेवारी २००८ रोजी झाली. सुमारे ७२ कोटी डॉलर इतकी एकत्रित रक्कम त्यातून उभी राहिली. मुंबईचा संघ ११ कोटी १९ लाख डॉलरना विकला गेला व तो सर्वांत महाग ठरला. जयपूरच्या संघाला सर्वांत कमी, म्हणजे ६ कोटी ७० लाख डॉलर इतकी किंमत आली. उद्योगसमूह, मद्यनिर्मिती कंपनी, सिमेंट कंपनी, वृत्तपत्रसमूह आणि चित्रपटसृष्टीतील तारे अशा विविध क्षेत्रांतील मंडळी संघमालक झाली.

पहिल्याच हंगामाने या किमतींचा क्रम उलटा करून दाखविला. सर्वांत स्वस्त ठरलेल्या राजस्थान रॉयल्सने शेन वॉर्न यांच्या नेतृत्वाखाली १ जून २००८ रोजी नवी मुंबईत विजेतेपद पटकावले. या संघात गोव्याचा सलामीवीर स्वप्नील अस्नोडकर होता, तसाच त्या वेळी अवघ्या एकोणीस वर्षांचा असलेला रवींद्र जडेजाही होता. याउलट १० कोटी ७० लाख डॉलरना विकला गेलेला हैदराबादचा डेक्कन चार्जर्स संघ पहिल्या वर्षी तळाला राहिला आणि दुसऱ्या वर्षी, २००९ मध्ये, विजेता ठरला. मालकाच्या थैलीचा आकार आणि मैदानावरील यश यांचा थेट संबंध नाही, हे क्रीडारसिकांनी तेव्हाच ओळखले.

खेळाडूंवरील खर्चाला प्रत्येक संघासाठी समान मर्यादा घालण्यात आली होती, हे त्यामागील एक कारण होय. सर्वांना सारखीच रक्कम खर्च करावयाची असेल, तर पारखी नजर निर्णायक ठरते. जसप्रीत बुमराहसारखा आगळ्या शैलीचा गोलंदाज मुंबई इंडियन्सने २०१३ मध्ये, तो भारतीय संघापासून दूर असताना निवडला. बिहारच्या वैभव सूर्यवंशीला राजस्थानने नोव्हेंबर २०२४ मधील लिलावात १ कोटी १० लाख रुपयांना घेतले, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. २८ एप्रिल २०२५ रोजी जयपूर येथे त्याने ३५ चेंडूंत शतक झळकावले. गुणवत्ता हेरण्याचे आणि तिला मोठे व्यासपीठ देण्याचे काम संघमालकांच्या यंत्रणेने केले आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. देशांतर्गत क्रिकेटवर उपजीविका करणे पूर्वी किती अवघड होते, हे लक्षात घेता या योगदानाचे मोल कमी लेखता येणार नाही.

तथापि हेरणे वेगळे आणि घडविणे वेगळे. हेरला गेलेला खेळाडू त्यापूर्वी कित्येक वर्षे शाळेच्या, क्लबच्या वा महापालिकेच्या मैदानावर घाम गाळत असतो. संघमालकाच्या हिशेबात त्या वर्षांची नोंद क्वचितच सापडते.

पुण्याचा अनुभव

पुणे शहराइतका या व्यवहाराचा अनुभव देशातील फार थोड्या शहरांना आला असेल. मार्च २०१० मध्ये सहारा समूहाने ३७ कोटी डॉलरची बोली लावून पुण्याचा संघ घेतला. २००८ मधील सर्वांत महाग संघाच्या तिपटीहून अधिक अशी ही रक्कम होती. पुणे वॉरियर्स हा संघ २०११ ते २०१३ असे तीन हंगाम खेळला आणि गुणतक्त्याच्या तळाशीच घुटमळत राहिला. नियामक मंडळाशी झालेल्या आर्थिक वादानंतर २०१३ मध्ये तो बंद झाला. कोचीचा संघ तर २०११ च्या एकाच हंगामानंतर इतिहासजमा झाला होता आणि एके काळी विजेता ठरलेला डेक्कन चार्जर्सही २०१२ मध्ये बाद झाला होता.

चेन्नई आणि राजस्थान या संघांवर २०१५ मध्ये दोन वर्षांची बंदी आली. ती पोकळी भरून काढण्यासाठी पुणे व राजकोट येथे तात्पुरते संघ उभारण्यात आले. पुण्याचा संघ संजीव गोएंका यांच्या समूहाकडे गेला. महेंद्रसिंग धोनीकडे पहिल्या वर्षी नेतृत्व होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये ते स्टीव्ह स्मिथकडे सोपविण्यात आले. त्या हंगामात केवळ दहा लाख रुपयांत घेतलेल्या राहुल त्रिपाठीने ३९१ धावा केल्या आणि तीस लाखांत घेतलेल्या जयदेव उनाडकटने २४ बळी मिळविले. पुढील लिलावात या दोघांची किंमत कोट्यवधींवर गेली. पण तोवर पुण्याचा संघच उरला नव्हता.

फुटबॉलमध्येही हेच घडले. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी हा क्लब २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला होता आणि युवा खेळाडूंच्या प्रशिक्षणासाठी त्याचे नाव घेतले जात असे. २०१५ मध्ये त्याचा कारभार आटोपला. त्याच वर्षी आय-लीगमध्ये उतरलेला भारत एफसी हा शहरातील दुसरा संघ एकाच हंगामानंतर थांबला. इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटीची जागा २०१९ मध्ये हैदराबादला गेली. हैदराबादच्या संघाने २०२२ मध्ये ही स्पर्धा जिंकली खरी, परंतु २०२५ मध्ये तो संघही दिल्लीला हलविण्यात आला. पुणेकरांनी जे भोगले, तेच पुढे हैदराबादकरांच्या वाट्याला आले.

संघ गेला, गुणवत्ता राहिली

संघ नाहीसे होत असताना पुण्याच्या मैदानांवरील खेळ मात्र थांबला नाही. पिंपरी-चिंचवडच्या थेरगाव येथील वेंगसरकर अकादमीत तयार झालेल्या ऋतुराज गायकवाडला डिसेंबर २०१८ मधील लिलावात चेन्नईने वीस लाख रुपयांना घेतले. २०२१ मध्ये त्याने ६३५ धावा करून स्पर्धेतील सर्वाधिक धावांचा मान मिळविला आणि २०२४ मध्ये तो चेन्नईचा कर्णधार झाला. महाराष्ट्राकडून खेळणारे केदार जाधव व राहुल त्रिपाठी यांनीही अन्य शहरांच्या संघांतून नाव कमावले. महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्या पहिल्याच हंगामात चमकलेला सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी त्याच वर्षाअखेर लखनौच्या संघात दाखल झाला. विशेष म्हणजे लखनौचा संघ गोएंका समूहाचाच आहे. या समूहाने तो २०२१ मध्ये ७,०९० कोटी रुपयांना घेतला आणि त्याच्या नावातही 'सुपर जायंट्स' हे शब्द कायम ठेवले. नाव मालकाबरोबर गेले, गाव मागे राहिले.

येथे पुणेकर क्रीडारसिकांची मनोवृत्ती लक्षणीय ठरते. २०१८ मध्ये कावेरी पाणीप्रश्नावरील आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने गहुंजे येथे हलविण्यात आले, तेव्हा चेन्नईहून विशेष रेल्वेगाडीने पाठीराखे पुण्यात आले. ज्या शहराचा स्वतःचा संघ वर्षभरापूर्वी विसर्जित झाला होता, ते शहर दुसऱ्याच्या संघाचे घर बनले. आपल्या गावचा खेळाडू ज्या संघात, तो संघ आपला, अशी सोयीची निष्ठा पुढे अनेकांनी स्वीकारली. त्यात खेळावरील प्रेम आहे, तशीच अगतिकताही आहे.

प्रेक्षकांचा दुहेरी निवाडा

मालकाचा निर्णय आणि खेळाडूची गुणवत्ता यांत क्रीडारसिक फरक करू शकतात काय, या प्रश्नाचे उत्तर २०२४ मध्ये वानखेडे मैदानावर मिळाले. मुंबई इंडियन्सने पाच विजेतेपदे मिळवून देणाऱ्या रोहित शर्माला बाजूला सारून गुजरातकडून परत आणलेल्या हार्दिक पंड्याकडे नेतृत्व दिले. १ एप्रिल २०२४ रोजी घरच्या मैदानावर मुंबईच्याच प्रेक्षकांनी आपल्या नव्या कर्णधाराची हुर्यो उडविली. त्या हंगामात संघ तळाला राहिला. मात्र ट्वेंटी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील अखेरचे षटक यशस्वीपणे टाकून पंड्या परतला, तेव्हा ४ जुलै २०२४ रोजी त्याच मैदानावर त्याच्या नावाचा जयघोष झाला.

तीन महिन्यांतील या दोन प्रतिसादांना प्रेक्षकांचा चंचलपणा म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. परंतु एप्रिलमधील राग मुख्यतः व्यवस्थापनाच्या निर्णयावर होता, तर जुलैमधील जयघोष खेळाडूच्या कर्तृत्वाचा होता. मालकापर्यंत आवाज पोहोचविण्याचा अन्य मार्ग नसल्याने एप्रिलमधील रोषाचा भार खेळाडूला सोसावा लागला. प्रेक्षकांना अधिकृत स्थान नसण्याचा हा एक दुष्परिणाम आहे.

प्रेक्षकांच्या नाराजीचा मालकांच्या उत्पन्नावर फारसा परिणाम होत नाही, हेही खरे. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांपोटी नियामक मंडळाला ४८,३९० कोटी रुपये मिळणार असल्याचे जून २०२२ मध्ये निश्चित झाले. या महसुलातील वाटा सर्व संघांना मिळतो. त्यापुढे तिकीटविक्रीचे महत्त्व मर्यादित राहते. परिणामी मैदानातील स्थानिक प्रेक्षकापेक्षा पडद्यासमोरील देशभरचा प्रेक्षक अधिक मोलाचा ठरतो आणि संघाचे शहर ही केवळ एक खूण होऊन बसते.

पाठीराख्यांसाठी मात्र ती केवळ खूण नसते. बेंगळुरूच्या संघाने अठराव्या हंगामात, ३ जून २०२५ रोजी, पहिले विजेतेपद मिळविले. दुसऱ्या दिवशी चिन्नास्वामी मैदानाबाहेर उसळलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन अकरा जणांचा मृत्यू झाला. पाच महिन्यांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, या संघाची मालकी असलेल्या कंपनीने आपल्या गुंतवणुकीचा फेरआढावा घेत असल्याचे जाहीर केले. व्यवसायाच्या दृष्टीने हा नेहमीचा निर्णय असू शकतो. परंतु एकाच संघाकडे पाहण्याच्या दोन दृष्टींमधील अंतर यातून स्पष्ट होते.

अन्यत्र काय घडते

अन्य देशांनी या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे शोधली आहेत. जर्मन फुटबॉलमध्ये काही अपवाद वगळता क्लबच्या मतदानाचे बहुमत सभासदांकडेच राहील, असा नियम आहे. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातील बड्या क्लबांनी घोषित केलेली स्वतंत्र सुपर लीग इंग्लंडमधील पाठीराख्यांच्या विरोधामुळे दोन-तीन दिवसांतच कोलमडली. त्यानंतर झालेल्या विचारमंथनातून तेथे २०२५ मध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा झाला.

भारतातही संघटित पाठीराख्यांची दखल घ्यावी लागल्याचे उदाहरण आहे. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या मोहन बागानच्या फुटबॉल संघाचे २०२० मध्ये एटीके संघाशी एकत्रीकरण झाले आणि ऐतिहासिक नावापुढे 'एटीके' ही अक्षरे आली. पाठीराख्यांनी त्याविरुद्ध सातत्याने निदर्शने केली. मार्च २०२३ मध्ये संघाने इंडियन सुपर लीग जिंकल्यावर ती अक्षरे काढण्याची घोषणा झाली. त्या जागी नावाच्या शेवटी 'सुपर जायंट' आले, हा भाग निराळा. शतकाहून जुनी परंपरा पाठीशी असल्यानेच कोलकात्यात एवढे साधले. नव्या शहरी संघांच्या पाठीराख्यांकडे असा वारसा नाही.

मालकीचे स्थैर्य आणि गुणवत्तेची जोपासना एकत्र आल्यास काय होते, हे पुण्याच्याच कबड्डी संघाने दाखविले. प्रो कबड्डी लीगमध्ये २०१४ पासून खेळणाऱ्या पुणेरी पलटणने तयार नामवंतांपेक्षा तरुण खेळाडूंवर भर दिला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून या संघाने प्रथमच विजेतेपद मिळविले. अहिल्यानगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार हा तरुण खेळाडू संघाचा कर्णधार होता. दहा वर्षे वाट पाहणारा मालक आणि दहा वर्षे वाट पाहणारा प्रेक्षक यांची गाठ पडली, की खेळाडूलाही वाढण्यास अवधी मिळतो.

संघमालकांनी गुंतवणूक करावी, नफा मिळवावा आणि न परवडल्यास बाहेर पडावे, हा त्यांचा हक्क मान्य करावाच लागेल. परंतु शहराचे नाव ही त्यांनी निर्माण केलेली मालमत्ता नव्हे. ते नाव वापरण्याच्या मोबदल्यात काही दायित्व करारातच घालता येईल. संघ हलविण्यापूर्वी पुरेशी पूर्वसूचना, परिसरातील ठरावीक खेळाडूंना संधी आणि संघ गेला तरी त्याच शहरात सुरू राहील असे युवा प्रशिक्षण केंद्र, एवढ्या तीन अटी त्यासाठी पुरेशा आहेत. पुण्यात पाच संघ आले आणि गेले. त्यांतील प्रत्येकाने एकेक प्रशिक्षण केंद्र मागे ठेवले असते, तर आज शहरात मुलांसाठी पाच मैदाने गजबजलेली दिसली असती.