राडारोडा अंदाजपत्रकात मोजून लिहावा

फ्लॅटच्या नूतनीकरणाचे पहिले काही दिवस तोडफोडीचे असतात, पण त्यातून निघणाऱ्या राडारोड्याचा हिशेब अंदाजपत्रकात क्वचितच सापडतो. नवी लादी चौरस फुटावर, नळकाम नगावर, रंगकाम हातांवर मोजले जाते. घराबाहेर जायच्या मालासाठी मात्र ‘डेब्रिज शिफ्टिंग, एकरकमी’ एवढी एकच ओळ असते. हा आकडा बहुधा मागच्या कामावरून उचललेला असतो आणि घासाघीस सुरू झाली की सर्वांत आधी तोच खाली येतो. राडारोडा रात्री खाडीकाठी, नदीपात्रात किंवा टेकडीच्या उतारावर जाऊन पडतो, त्याची सुरुवात या ओळीपासून होते.

वजनाचा हिशेब अवघड नाही. चार इंची विटांची भिंत दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासह चौरस फुटाला साधारण २५ किलो भरते. जमिनीची लादी खालच्या मसाल्यासह १० किलोच्या आसपास जाते, भिंतीवरची टाइल मसाल्यासह ६ किलोच्या. सर्वांत फसवे काम बाथरूमचे, कारण सनकन (खाली घेतलेल्या) स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा कोबा वरून दिसत नाही. पाच बाय आठ फुटांच्या बाथरूममध्ये एक फूट खोल कोबा असेल तर त्याचेच ४० घनफूट होतात आणि वजन दोन टन. सात फूट उंचीपर्यंतच्या टाइल काढल्या की आणखी एक टन, जमिनीची लादी धरली की एकूण साडेतीन टनांच्या जवळ. ३० किलोची गोणी धरली तर एका बाथरूममधून शंभराहून अधिक गोण्या उतरतात. सहाशे चौरस फुटांची फरशी उखडली तर एकट्या फरशीचेच सहा टन होतात.

मोजण्याचे माप महाराष्ट्रातल्या कंत्राटदाराला रोजच्या वापरातले आहे. वाळू, खडी, मुरूम जसे ब्रासमध्ये मोजतात तसाच राडाही मोजता येतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. तोडलेले बांधकाम मूळ घनफळाच्या सुमारे दीडपट फुगते, आणि असा सैल मिश्र राडा ब्रासला साधारण साडेतीन टन भरतो. म्हणजे वरच्या उदाहरणातले बाथरूम एक ब्रास झाले. ‘छोटा हत्ती’ची वाहक्षमता पाऊण टनाच्या आसपास. त्याच्या एका खेपेत हे बाथरूम बसवणे म्हणजे टेम्पोवर चौपटीहून जास्त वजन लादणे, आणि तसे प्रत्यक्षात केले जाते म्हणूनच हा हिशेब लेखी असावा लागतो.

अमेरिकेत याच कामासाठी डंपस्टर भाड्याने मिळतो. टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल गावच्या जॉर्ज डेम्प्स्टर यांनी १९३० च्या दशकात ट्रकवर यंत्राने उचलता येणाऱ्या डब्याची पद्धत आणली आणि डब्याला त्यांचेच नाव चिकटले. घरदुरुस्तीसाठी १० ते ४० घनयार्डांचे डबे घरासमोर आणून ठेवतात. दहा घनयार्ड म्हणजे पावणेतीन ब्रासला थोडे कमी. भाड्यात ठरावीक दिवस आणि ठरावीक टन धरलेले असतात, जादा वजनाला जादा आकार पडतो, आणि काँक्रीट, विटा, माती यांसाठी लहान डबाच देतात, कारण मोठा डबा त्या मालाने भरला तर ट्रकला पेलत नाही. दादरच्या किंवा सदाशिव पेठेतल्या इमारतीसमोर असा डबा ठेवायला जागा नसते. इथे डब्याचे काम गोणी, हमाल आणि टेम्पो मिळून करतात. डबा आणता आला नाही तरी दर वजनावर ठरवण्याची शिस्त आणता येते.

इमारतीच्या आत राडा कुठे साठवायचा, हा प्रश्न बांधकामाच्या सुरक्षेचा आहे. निवासी खोलीचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो, म्हणजे चौरस फुटाला १९ किलोच्या आसपास चल भार धरून आखतात. ३० किलोची गोणी दोन चौरस फूट जागा अडवते, म्हणजे एका थरातच चौरस फुटाला १५ किलो झाले. दुसरा थर चढवला की मर्यादा ओलांडली. जुन्या इमारतीत गोण्या बाल्कनीत रचून ठेवणे तर उघड धोक्याचे, कारण बाहेर झुकलेल्या भागाचे पोलाद गंजलेले आहे की नाही हे वरून कळत नाही. सहा जणांच्या लिफ्टची क्षमता ४०८ किलो असते; हमाल धरून त्यात दहा गोण्याच न्याव्यात. तोडफोड आणि उचल यांचा वेग सारखा राहिला तर साठा होत नाही. तीन दिवस तोडून चौथ्या दिवशी एकदम टेम्पो बोलावण्याची पद्धत सोयीची वाटते, पण ती सोडून द्यायला हवी.

वर्गीकरण हे वेगळे, खर्चिक काम आहे असा समज पक्का बसला आहे. प्रत्यक्षात वर्गीकरण म्हणजे तोडण्याचा क्रम. आधी दारे, चौकटी, ग्रिल, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या, कमोड, नळ आणि तारा काढाव्यात. जुन्या इमारतीतले सागवान, बिडाचे पाइप, तांबे यांना भंगारवाला आणि जुन्या लाकडाचा व्यापारी रोख पैसे मोजतो. ती रक्कम कोणाची हे करारात लिहिलेले नसल्यामुळे मुकादम आणि मालक यांच्यात पुढे खटके उडतात. त्यानंतर पीओपीची छते आणि भिंतींवरचे पीओपी खरवडून वेगळ्या गोण्यांत भरावे. हे काम बहुतेक ठिकाणी होतच नाही आणि त्याचे नुकसान मोठे आहे. पीओपी म्हणजे जिप्सम. त्यातले सल्फेट पुनर्वापराच्या खडीत मिसळले की त्या खडीचे काँक्रीट पुढे फुगते, तडकते. पाच गोण्या पीओपीमुळे पाच टन चांगला माल वाया जाऊ शकतो. लादी, वीट आणि काँक्रीट यांवर घण शेवटी पडावा, आणि शक्य तिथे काँक्रीटचे तुकडे विटांपासून वेगळे भरावेत.

अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे आणि जुने सांडपाण्याचे पाइप ग्राइंडरने कापू नयेत, फोडूही नयेत. ते ओले करून अखंड काढावेत, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावेत आणि राड्यात मिसळू देऊ नयेत. त्यांची धूळ छातीत जाते ती बिगाऱ्याच्या, आणि आजार दिसतो तो कित्येक वर्षांनी, काम कोणाकडे केले हे विसरल्यावर. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो; त्या फुटण्याआधी बाजूला काढाव्यात.

टेम्पो इमारतीबाहेर पडल्यावर काय होते, हे दर कसा ठरला यावर अवलंबून असते. एकरकमी दरात टेम्पोवाल्याची कमाई अंतर कमी करण्यात असते. अधिकृत केंद्र पंचवीस किलोमीटरवर आणि खाडी तीनवर असेल, तर सगळा दोष त्याच्या माथी मारून चालत नाही. त्याला मिळणारा दर ज्याने ठरवला तोही जबाबदार आहे. खाडीकाठी पडलेला राडा जमीन उंच करतो, भरतीचे पाणी आत येणे थांबते आणि कांदळवन उभ्याउभ्या वाळते. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरवला आणि त्यांच्याभोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितले. नदीपात्रात आणि नाल्यात पडलेला राडा पावसाचे पाणी अडवतो, आणि ते पाणी काठावरच्या घरांत शिरते.

बांधकाम व पाडकाम कचऱ्याचे नियम केंद्राने मार्च २०१६ मध्ये काढले. दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांहून अधिक कचरा करणाऱ्या कामांना त्यात कडक अटी होत्या, पण छोट्या कामालाही सूट नव्हती: राडा वेगळा करणे आणि संकलन केंद्रावर देणे हे ज्याच्या कामातून तो निघाला त्याचेच कर्तव्य होते. १ एप्रिल २०२६ पासून लागू असलेल्या २०२५ च्या नियमांनी २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांवर उत्पादकाची विस्तारित जबाबदारी टाकली. एका फ्लॅटचे काम त्या मर्यादेच्या खूप खाली राहते, म्हणून तिथे शिस्त व्यवसायानेच पाळायची आहे. मुंबईत महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे, आणि दहिसर व शिळफाटा इथल्या केंद्रांची क्षमता प्रत्येकी ६०० टन रोज आहे. तिथे माल चाळला, फोडला जातो आणि त्याची खडी, वाळू, पेव्हर ब्लॉक होतात. खडी-वाळूचे भारतीय मानक असलेल्या आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार काँक्रीटपासून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के आणि एम-२५ पर्यंतच्या आरसीसीत २० टक्के वापरता येते. विटामिश्रित राड्याच्या खडीला मात्र फक्त कमी प्रतीच्या भरावाच्या काँक्रीटमध्येच जागा आहे. वेगळ्या भरलेल्या काँक्रीटची किंमत इथे कळते.

अंदाजपत्रकात यासाठी तीन बाबी स्वतंत्र हव्यात. गोण्या भरून खाली उतरवणे, दर गोणीला आणि मजल्यानुसार. वाहतूक व अधिकृत केंद्राचे शुल्क, दर टनाला. पीओपी आणि घातक वस्तूंची वेगळी उचल, नगावर किंवा गोणीवर. दुसऱ्या बाबीचे बिल केंद्राच्या काटापावतीशिवाय मंजूर करू नये. पावतीवरचे टन आणि आधी मांडलेला हिशेब यांत मोठी तफावत असेल तर माल दुसरीकडे गेला, हे लगेच कळते. ज्या सोसायट्या नूतनीकरणासाठी अनामत घेतात त्यांनी ती परत देताना हीच पावती मागितली, तर प्रामाणिक कंत्राटदाराचा दर स्पर्धेत मागे पडणार नाही.

तालुक्याच्या गावी अधिकृत केंद्र नसेल तर विटा-काँक्रीटचा स्वच्छ राडा जोत्याच्या भरावात किंवा अंगणाच्या रस्त्याच्या तळथरात वापरता येतो. त्यासाठी लाकूड, प्लॅस्टिक आणि पीओपी आधीच काढलेले असावे, मोठे तुकडे फोडून थराथराने पाणी मारून ठोकावेत, जमीनमालकाची लेखी संमती घ्यावी, आणि जागा ओढ्याच्या पात्रात किंवा पूररेषेच्या आत नाही याची ग्रामपंचायतीकडे खात्री करून घ्यावी.