हाताला काम आणि कामाला दाम

गेल्या मे महिन्याच्या सुटीत मी सिल्वासाजवळच्या मसाटला मामांकडे गेलो होतो. दादरा-नगर हवेलीतले हे गाव आता कारखान्यांचे गाव झाले आहे. पाळी सुटण्याच्या वेळी रस्ता डबेवाल्या कामगारांनी फुलून जातो. दूरदूरच्या मुलखांतले लोक तिथे पोट भरायला आले आहेत. पण त्याच गावात वाढलेल्या माझ्या मामेभावाला मात्र त्या गर्दीत जागा नाही. लहानपणी अपघातात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. कृत्रिम पाय लावून तो व्यवस्थित चालतो. आय.टी.आय.मधून फिटरचा अभ्यासक्रमही त्याने पुरा केला आहे.

एका कारखान्यात मी त्याच्यासोबत गेलो. तिथले साहेब वाईट वागले नाहीत, हे आधी सांगितले पाहिजे. त्यांनी आम्हांला बसवले, चहा पाजला आणि म्हणाले, "इथे बारा तास उभे राहायचे काम आहे. तुला झेपायचे नाही. एखाद्या ट्रस्टकडे जा, ते मदत करतील." परत येताना भाऊ एवढेच म्हणाला, "दादा, माझे सर्टिफिकेट त्यांनी उघडूनसुद्धा पाहिले नाही."

मित्रहो, अपंगांसाठी आपल्याकडे दयेला तोटा नाही. शिलाई यंत्रे वाटण्याचे समारंभ होतात, हारतुरे होतात, फोटो छापून येतात. प्रशिक्षणाचे वर्गही निघतात. पण वर्ग संपल्यावर त्या शिकलेल्या हातांनी दुसऱ्या दिवशी जायचे कुठे? जिथे शिक्षण आणि उत्पादन एकाच छपराखाली चालते, अशा नफ्यासाठी न चालवलेल्या कार्यशाळा हेच या प्रश्नाचे खरे उत्तर आहे, असे मला वाटते.

उदाहरणासाठी लांब जायला नको. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात १९८४ साली नसीमा हुरजूक यांनी सहकाऱ्यांसह 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली. ऐन सोळाव्या वर्षी त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले होते. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मकथन आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. संस्थेने अपंगांच्या राहण्याची आणि शिक्षणाची सोय केली, पण ती तेवढ्यावर थांबली नाही. तिने अपंगांच्या हातून चाकाच्या खुर्च्या आणि फर्निचर बनवून घेतले, सिंधुदुर्गात 'स्वप्ननगरी' उभारून काजू प्रक्रिया सुरू केली. त्याही आधी, १९४९ साली, बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवनाचा पाया घातला. समाजाने टाकून दिलेल्या कुष्ठरुग्णांनी तिथे शेती पिकवली, हातमाग चालवले.

अशा ठिकाणी विचाराची दिशाच उलटी असते. कारखाना विचारतो, "तुला उभे राहता येते का?" कार्यशाळा विचारते, "टेबलाची उंची किती ठेवू?" माझ्या भावाला फिटरचे काम बसूनही करता आले असते. त्या साहेबांना ते सुचले नाही, कारण त्यांनी तसे काम कधी पाहिलेच नव्हते.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो खोटा नाही. अपंगांचे वेगळे कारखाने काढले की ते तिथेच कोंडले जातात. ब्रिटनमध्ये १९४४ च्या कायद्याने 'रेम्प्लॉय' ही कंपनी स्थापन झाली. तिच्या कारखान्यांनी हजारो अपंगांना रोजगार दिला. पण हे कारखाने तोट्यात आहेत, शिवाय अपंगांनी इतरांबरोबरच काम करावे, असे म्हणून सरकारने ते टप्प्याटप्प्याने बंद केले. २०१३ साली शेवटचे कारखाने बंद झाले, आणि अनेक कामगार घरी बसले. पलीकडचा किनारा गाठण्याआधीच पूल मोडला तर दुसरे काय होणार?

दुसरा धोका मजुरीचा. अमेरिकेत १९३८ च्या कायद्याने अपंगांना किमान वेतनाहून कमी मजुरी देण्याची मुभा ठेवली. ना-नफा म्हणजे ना-पगार नव्हे! पूर्ण दाम न देणारी कार्यशाळा म्हणजे दुसऱ्या नावाने चाललेला अनाथाश्रमच.

आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी ४ टक्के जागा राखल्या आहेत. खाजगी कारखान्यांना मात्र तशी सक्ती नाही. मसाटच्या कारखानदारांना माझे सांगणे आहे, की देणगी देऊ नका, ऑर्डर द्या. सुटे भाग, खोकी, पॅकिंग यांतले जमेल ते काम अशा कार्यशाळांकडून करून घ्या, आणि तिथे तयार झालेला माणूस आपल्या कारखान्यात घ्या.

आणि आपण? आपल्या महाविद्यालयालाही बाके, कपाटे लागतात. ती अशा कार्यशाळेतून का घेऊ नयेत? मराठी आणि कन्नड, दोन्ही विभागांच्या वाचकांनी ही मागणी प्राचार्यांकडे न्यावी, अशी माझी विनंती आहे. मामेभावाचे सर्टिफिकेट अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे. ते उघडून पाहणारा कुणीतरी हवा आहे.