शब्दागणिक व्याकरण

इंग्रजीत 'टेल मी द रीझन' चालते, 'एक्सप्लेन मी द रीझन' चालत नाही. दोन्ही क्रियापदे सांगण्याचीच, तरी दुसऱ्या ठिकाणी 'एक्सप्लेन द रीझन टू मी' असेच म्हणावे लागते. काळ, वचन, प्रयोग यांचे सगळे नियम पाळूनही वाक्य चुकते ते इथे. इंग्रजीत क्रियापदामागून काय यावे आणि कोणत्या क्रमाने यावे, याचा साचा बहुतेक वेळा त्या त्या शब्दाबरोबरच ठरलेला असतो.

मराठीत हे काम मुख्यतः विभक्ती करते. 'आईने मुलीला गोष्ट सांगितली' हे वाक्य 'गोष्ट सांगितली आईने मुलीला' असे फिरवले, तरी कोणी कोणाला सांगितले हे 'ने' आणि 'ला' यांवरून कळते. इंग्रजीच्या विभक्ती काळाच्या ओघात झिजल्या आणि त्यांच्या खुणा मुख्यतः सर्वनामांत उरल्या. त्यामुळे शब्दाची वाक्यातली जागा आणि नामाआधी येणारे टू, फॉर, विथ, इनटू असे छोटे शब्द यांवरच सारी भिस्त असते.

'टेल'प्रमाणे लागोपाठ दोन कर्मे घेणाऱ्या क्रियापदांत गिव्ह, शो, सेंड, टीच, लेंड ही येतात. ती आखूड आहेत आणि इंग्रजीच्या जुन्या, जर्मानिक साठ्यातली आहेत. एक्सप्लेन, डिस्क्राइब, सजेस्ट, डोनेट ही लॅटिन वळणाची लांब क्रियापदे. त्यांना माणसाआधी 'टू' लागतो. हा ढोबळ आडाखा आहे, नियम नव्हे. ऑफर आणि प्रॉमिस लॅटिन मुळाचे असूनही दोन कर्मे घेतात. उलट अस्सल इंग्रजी आणि आखूड असलेल्या 'से'ला 'से मी' चालत नाही.

अशा साच्यांची पद्धतशीर नोंद परक्या भाषकांना इंग्रजी शिकवताना झाली. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत. तिथेच 1942 साली त्यांचा व सहकाऱ्यांचा कोश निघाला. 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा छापला आणि पुढे तो जगभरच्या विद्यार्थ्यांच्या टेबलावर आला. क्रियापदांचे 25 साचे ठरवून प्रत्येक क्रियापदापुढे त्याच्या साच्याची खूण देणे, ही हॉर्नबींची पद्धत होती.

पुढचा टप्पा संगणकाने गाठला. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली लाखो शब्दांचा छापील व बोलका मजकूर एकत्र करून 1987 मध्ये कोबिल्ड कोश तयार झाला. या कामातून पुढे आलेली महत्त्वाची गोष्ट म्हणजे एका साच्यात बसणारी क्रियापदे अर्थानेही एकमेकांची नातलग निघतात. 'दे टॉक्ड हिम इनटू गोइंग' हा साचा घेतला, तर त्यात टॉक, कोक्स ही मन वळवणारी, ट्रिक, फूल ही फसवणारी आणि फ्रायटन, बुली, फोर्स ही धाक घालणारी क्रियापदे येतात. तिन्ही गटांचा मथितार्थ एकच, समोरच्याला काहीतरी करायला लावणे. एरवी थेट कर्म न घेणारे 'लाफ' याच साच्यात घातले, तर हसवून हसवून एखाद्याला राजी केल्याचा अर्थ आपोआप उमटतो. म्हणजे अर्थ जसा शब्दात असतो, तसा साच्यातही असतो.

अशा संग्रहांना कॉर्पस म्हणतात. 1961 साली छापलेल्या अमेरिकन मजकुरातून प्रत्येकी सुमारे 2000 शब्दांचे 500 उतारे घेऊन दहा लाख शब्दांचा ब्राउन कॉर्पस तयार झाला. त्याच आराखड्यावर ब्रिटिश इंग्रजीचा संग्रह झाला आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली 1978 सालच्या भारतीय इंग्रजीचा. हा 'कोल्हापूर कॉर्पस' जगभरच्या अभ्यासकांनी वापरला आहे. तिन्हींचा आराखडा एकच असल्याने तीन देशांच्या इंग्रजीची तुलना करता येते. मात्र हा सगळा छापील मजकूर होता.

बोलणे आणि लिहिणे यांची तुलना डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांच्या 1999 मधील व्याकरणात विस्ताराने आली. त्यातून दिसते की दोन्हींची घडणच निराळी आहे. बोलताना इंग्रज माणूस 'आय डोन्ट नो व्हॉट ही वॉन्ट्स' म्हणेल. तेच अहवालात 'द नेचर ऑफ हिज डिमांड्स रिमेन्स अनक्लीअर' असे होईल. पहिल्यात 'नो' आणि 'वॉन्ट' अशी दोन क्रियापदे, दोन सर्वनामे आणि एकात एक गुंतलेली दोन वाक्ये आहेत. दुसऱ्यात क्रियापद एकच. 'हवे असणे' या क्रियेचे 'डिमांड्स' हे नाम झाले, नामे 'ऑफ'ने जोडली गेली आणि न जाणणारा माणूस वाक्यातून गायब झाला.

मोजणीतही हेच दिसते. चार शब्दांचे वारंवार येणारे गट काढले, तर संभाषणात 'आय डोन्ट नो व्हॉट' वरच्या जागी येतो. शास्त्रीय लेखनात 'इन द केस ऑफ' आणि 'ऑन द अदर हँड' हे येतात. शास्त्रीय गद्यात साधारण चारातले एक क्रियापद कर्मणी असते, तर संभाषणात शंभरात जेमतेम दोन. आणखी एक समजूत मोजणीने खोटी ठरली. बोलण्यात 'आय ऍम गोइंग'सारखी चालू काळाची रूपे भरपूर असतील असे वाटते. प्रत्यक्षात साधी रूपेच कितीतरी पटींनी जास्त असतात, कारण नो, वॉन्ट, हॅव, लाइक ही रोजची क्रियापदे सहसा चालू काळात जात नाहीत. भारतीय बोलण्यात ऐकू येणारे 'आय ऍम नोइंग' किंवा 'आय ऍम हॅविंग टू ब्रदर्स' कानाला खटकते ते म्हणूनच.

मराठी भाषकाच्या इतर ठरावीक चुकाही साच्यांच्याच असतात. 'विषयावर चर्चा'तला 'वर' डोक्यात असल्याने 'डिस्कस अबाउट' होते, 'तिच्याशी लग्न'मधला 'शी' 'मॅरी विथ' घडवतो आणि 'मला सुचव'मधला 'ला' 'सजेस्ट मी'. डिस्कस आणि मॅरी यांच्या पाठीमागे कर्म थेट येते, 'सजेस्ट'ला मात्र 'टू' हवा.

हे साचे कायमचे गोठलेलेही नाहीत. अमेरिकेत 'राइट मी' सर्रास चालते, ब्रिटनमध्ये 'राइट टू मी' अधिक रूढ आहे. निषेधासाठी ब्रिटिश 'प्रोटेस्ट अगेन्स्ट' लिहितात, अमेरिकन बहुधा 'अगेन्स्ट' गाळतात. विद्यार्थ्यांसाठीचे आजचे कोश 'एक्सप्लेन समथिंग टू समबडी' असा साचाच शब्दाखाली छापतात. वहीत नवा शब्द त्याच्या साच्यासकट आणि एका पूर्ण वाक्यासह उतरवला, तर अर्थ आणि व्याकरण एकदमच पाठ होते.