टपावरचा पांढरा दिवा

1 मे 2017 पासून पंतप्रधानांपासून राज्यातल्या मंत्र्यांपर्यंत सगळ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. रस्त्यावर कुणी मोठा नाही, असा त्याचा अर्थ होता. आज रात्री पश्चिम द्रुतगती महामार्गाने अंधेरीहून बोरिवलीकडे निघा. तोच मोठेपणा थार, जिम्नी, बोलेरोच्या टपावर परत चढलेला दिसेल. फक्त रंग आता पांढरा आहे.

मी एलईडी बारबद्दल बोलतोय. कच्च्या वाटेवर, चिखलात, जिथे समोरून कुणी येत नाही, तिथे तो उपयोगी आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण शहरातल्या रस्त्यावर तो पेटवणं ही सरळसरळ दांडगाई आहे, आणि हौस म्हणून तिला सूट मिळू नये.

कारण साधं आहे. गाडीच्या मूळ हेडलाइटच्या लो बीमला वरून रेषा आखलेली असते. झोत रस्त्यावर पडतो, समोरच्याच्या डोळ्यांत नाही. हाय बीम निदान खाली घेता येतो. बारला खाली घेण्याची सोयच नसते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 106 वा नियम सांगतो, की दिव्यापासून 8 मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिपता कामा नये, किंवा चालकाला झोत खाली वळवता यायला हवा. थारचा टपच 1.8 मीटरहून उंच. तिथून सुटलेला प्रकाश कुणाच्या डोळ्यांवर पडतो, हे सांगायला इंजिनियर लागत नाही.

तो पडतो ओरखडे आलेल्या हेल्मेटच्या काचेवर. तो पडतो रिक्षावाल्यावर. ताशी 60 किलोमीटर वेगात दोन सेकंद दिसलं नाही, तर गाडी 33 मीटर आंधळी धावते. तेवढ्यात रस्ता ओलांडणारा माणूस येतो. आरेच्या रस्त्यावर तर बिबट्याही येतो.

बारवाल्यांचं ठरलेलं उत्तर असतं, "रस्त्यांवर खड्डे आहेत, दिवे बंद असतात, आम्ही करायचं काय?" खड्डे आहेतच, त्यासाठी महापालिकेला जाब विचारा. पण तुमचा खड्डा चुकावा म्हणून समोरच्या दुचाकीवाल्याने खड्ड्यात जायचं, हा कुठला न्याय? हेडलाइटची पिवळी पडलेली काच बदला, लो बीमचा कोन नीट लावून घ्या. गावातल्या रस्त्याला तेवढं पुरतं.

खरंच रानात जाणारे असाल, तर वस्तू तरी पारखून घ्या. खोक्यावरच्या ल्युमेनच्या आकड्यावर भाळू नका. साधारण एलईडी एका वॅटला शंभरेक ल्युमेन देतो. 120 वॅटच्या बारवर 30,000 ल्युमेन छापलं असेल, तर ती थाप आहे. पावसाळ्यात माळशेजच्या धुक्यात 6000 केल्विनचा पांढराशुभ्र झोत समोर भिंत उभी करतो. खाली बसवलेला पिवळा दिवा तिथे जास्त कामाचा. टपावरचा बार बॉनेटवर चमकून तुमचेच डोळे दिपवतो, म्हणून बंपरवर बसवलेला बरा.

आणि वायरिंग. 120 वॅटचा बार 12 व्होल्टवर 10 अँपियर ओढतो. त्याला स्वतंत्र रिले, बॅटरीजवळ 15 अँपियरचा फ्यूज आणि जाड वायर हवी. हेडलाइटच्या वायरला चीर देऊन जोड मारला, तर वायर तापते, वितळते, आणि पेटलेली गाडी मालकाच्या पदरात पडते.

इथे मला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या, जोगेश्वरीच्या गॅरेजांतल्या आपल्या मिस्त्रींशी बोलायचंय. भाऊ, तुमच्या हातात हुनर आहे. गिऱ्हाईक पैसे देतंय म्हणून काहीही जोडून देणं ही हुनराची किंमत नाही. बार बसवताना वेगळं बटण द्या, वर अपारदर्शक कव्हर द्या, आणि तोंडावर सांगा, "साहेब, रस्त्यावर पेटवायचा नाही." कव्हर नको म्हणणाऱ्याला परत पाठवा. हलाल रोजी फक्त माल चोरीचा नसण्याने होत नाही. आपल्या कामाने तिसऱ्याचा जीव धोक्यात येत नाही ना, हेही त्यात येतं.

मालकांनीही ऐकून ठेवावं. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 182-अ नुसार गाडीत बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण पोलिसाने अडवलं तरच बार बंद करायचा, हा हिशेब सोडा. रान संपून डांबर लागलं, की गाडी बाजूला घ्या आणि कव्हर चढवा. दोन मिनिटांचं काम आहे. समोरून येणारा त्याच्या घरी पोचायला निघालेला असतो.